अळंबीला नाव देण्याआधी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की पुण्यात सोसायटीच्या हिरवळीवर, गुलमोहराच्या बुंध्याशी, टेकडीवरच्या पालापाचोळ्यात छत्र्या उगवतात. लगेच व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "ही कुठली?" अर्ध्या तासात कुणीतरी एक लॅटिन नाव चिकटवून देतं. ते बहुधा युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून दिलेलं असतं, आणि इथेच गोची होते. आपली उष्ण कटिबंधातली अळंबी दिसायला तिकडच्यासारखी असली तरी पुष्कळदा वेगळी असते. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात असा २०१७ साली मांडलेला अंदाज आहे. त्यांपैकी नाव मिळालेल्या दीड लाखाच्या आसपास. म्हणजे नाव नसलेली अळंबी तुमच्या वाटेत येणं यात नवल काहीच नाही. ती नवी आहे हे सिद्ध करणं मात्र फार कष्टाचं आहे.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. एखादी प्रजाती विज्ञानाला नवी आहे की नाही हे कित्येक महिन्यांनी टेबलापाशी ठरतं, पण त्यासाठी लागणारा निम्मा पुरावा अळंबी उपटल्यापासून पहिल्या पाच-सहा तासांत गोळा करावा लागतो. रंग, वास, ओलसरपणा, कापल्यावर होणारा बदल हे सगळं वाळवल्यावर जातं आणि परत मिळत नाही. नाव सगळ्यात शेवटी येतं. तेव्हा नावाची घाई सोडा, नोंदींची घाई करा.

शब्दांचं आधी एक ठरवून घेऊ. शाळेच्या जुन्या पुस्तकांत 'जीनस'ला प्रजाती आणि 'स्पीशीज'ला जाती म्हटलंय, तर वर्तमानपत्रं स्पीशीजला प्रजाती म्हणतात. मी इथे जीनसला वंश आणि स्पीशीजला प्रजाती म्हणणार आहे. अळंबी, अळिंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री ही सगळी आपलीच नावं, आणि ती सगळी बुरशीच्या फळाची आहेत. खरी बुरशी म्हणजे मातीत, लाकडात, पानांत पसरलेलं तंतूंचं जाळं. छत्री हे त्या जाळ्याचं फळ, बीजाणू पसरवण्यापुरतं वर आलेलं.

आणखी एक. ओळख पटवणं आणि खाणं या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या ठेवा. या लेखातल्या कुठल्याही पायरीचा उपयोग 'खायची की नाही' हे ठरवण्यासाठी करू नका. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण घालून शिजवणं, किड्यांनी खाल्लेली असणं, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. अमानिटा वंशातल्या काही प्रजातींमधलं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं.

कुठून सुरुवात करायची

ताम्हिणी किंवा भीमाशंकरपासून सुरुवात करू नका. दोन्ही अभयारण्यं आहेत आणि वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून पानही उचलता येत नाही, अळंबी तर दूरच. वेताळ टेकडीसारख्या टेकड्यांवरही बराच भाग वनविभागाचा आहे, तिथे फोटो काढा आणि नोंदी घ्या. गोळा करायचं ते पहिले दोन पावसाळे स्वतःच्या सोसायटीत, ओळखीच्या शेतात, परवानगी घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात. मला यात कमीपणा वाटत नाही. एकाच जागी आठवड्यातून दोनदा गेलं की एकाच अळंबीची कळी, ऐन भरातलं छत्र आणि सडायला आलेलं छत्र ही तिन्ही रूपं दिसतात. घाटातल्या एका दिवसाच्या सहलीत ते दिसत नाही.

वेळ सकाळची ठेवा. शाईसारख्या वितळणाऱ्या नाजूक छत्र्या ऊन वर येईपर्यंत संपलेल्या असतात.

सामान साधं आहे. पात्याची छोटी सुरी, बांबूची किंवा कडक प्लास्टिकची सपाट परडी, ॲल्युमिनियम फॉइल किंवा मेणकागद, कागदी पिशव्या, पट्टी, दहापट भिंग, पेन्सिल आणि वही. पेन्सिलच, कारण पावसात शाई पसरते. काळा आणि पांढरा जाड कागद अप्पा बळवंत चौकातून आणून ठेवा, तो पुढे लागणार आहे. पॉलिथिनच्या पिशवीत अळंबी कधीही ठेवू नका. माझ्या पहिल्या पावसाळ्यातले मुळशीकडच्या एका शेतावरचे अकरा नमुने एकाच पिशवीत गेले. घरी पोहोचेपर्यंत त्यांचा गोळा झाला होता आणि कुठली टोपी कुठल्या देठाची तेही कळेना. त्यातली एक तांबूस छत्री मला नंतर त्या जागी पुन्हा दिसली नाही.

उपटण्याआधी

हात लावण्याआधी फोटो घ्या, वरून, बाजूने आणि खालून. खालून म्हणजे टोपीखालचे कल्ले, म्हणजे त्या पातळ उभ्या पाती, दिसतील असा. शेजारी पट्टी ठेवा. मग कशावर उगवली आहे ते लिहा. मातीवर, शेणावर, कुजक्या लाकडावर, जिवंत झाडाच्या मुळावर, पानांच्या थरावर की वारुळावर? लाकूड असेल तर कुठल्या झाडाचं? आजूबाजूला पंधरा-वीस पावलांत कोणती झाडं आहेत?

झाडांची नोंद नवखे लोक हमखास टाळतात, आणि माझ्या मते फोटोनंतरची ही सर्वात मोलाची नोंद आहे. पुष्कळ बुरशी ठरावीक झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली तेव्हा तिच्या मुळांबरोबर पिसोलिथससारख्या बुरशीही जगभर गेल्या. तेव्हा निलगिरीखाली किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीखाली तुम्हाला कधी न पाहिलेली अळंबी दिसली तर 'पश्चिम घाटातली नवी प्रजाती' म्हणण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या नोंदी पाहायला हव्यात. हीच अळंबी अंजन-जांभळाच्या राईत मिळाली असती तर शोधाची दिशाच बदलली असती.

आता उपटा, पण देठाला धरून ओढू नका. सुरीने बाजूने खणून पूर्ण बुडासकट काढा. अमानिटा आणि व्होल्व्हॅरिएला या वंशांत देठाच्या तळाशी पिशवीसारखा पेला असतो, आणि ओढून काढलं की तो मातीत राहतो. वारुळावरच्या अळंबीत, म्हणजे टर्मिटोमायसीस वंशात, देठ मुळासारखा खाली जातो आणि वाळवीने मशागत केलेल्या बुरशीच्या मळ्यापर्यंत पोहोचतो. वरचं चार बोटांचं छत्र घेऊन आलात तर ओळखीचा सर्वात खात्रीचा पुरावा जमिनीतच राहिला.

शक्य असेल तर एका जागचे पाच-सहा नमुने घ्या, कोवळ्यापासून जून झालेल्यापर्यंत, आणि काही तिथेच राहू द्या. प्रत्येक संचाला वेगळा क्रमांक द्या, तोच क्रमांक पुडीवर, फोटोवर आणि वहीत. क्रमांक साधा चढता ठेवा. वर्ष बदललं तरी तो मागे नेऊ नका.

घरी आल्यावरचे सहा तास

आंघोळ, चहा नंतर. आधी टेबलावर वर्तमानपत्र पसरा.

प्रत्येक नमुन्याची टोपी मोजा, मिमीमध्ये, सर्वात लहान ते सर्वात मोठी. आकार लिहा: घंटेसारखी, सपाट, मध्ये खोलगट, मध्ये उंचवटा. पृष्ठभाग कोरडा, चिकट की खवल्यांचा? कडेला रेघा आहेत का? रंग लिहिताना 'तपकिरी' एवढं पुरत नाही. 'मध्यभागी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा, कडेला दुधाळ पिवळट' असं लिहा. शक्य असेल तर रंगपट्टी बाजूला ठेवून फोटो काढा. मग कल्ले पाहा: देठाला न टेकता मुक्त आहेत, चिकटले आहेत की देठावर उतरले आहेत? दाट की विरळ? देठाची लांबी, जाडी, पोकळ की भरीव, कडं आहे का, ते सुटं सरकतं का?

मग एक नमुना उभा चिरा आणि घड्याळ लावा. एक, पाच आणि पंधरा मिनिटांनी रंग बदलला का ते लिहा. चीक येतो का? वास घ्या आणि मनात पहिली जी गोष्ट येईल ती लिहा: ओलं पीठ, मुळा, मासळी, बदाम. चव घेऊ नका. काही जाणकार चव घेऊन थुंकतात, नवख्याने ते करू नये.

बीजाणूंचा ठसा

या एका कामावर मी सर्वात जास्त भर देतो. टोपी देठापासून कापा, कल्ले खाली करून अर्धी काळ्या आणि अर्धी पांढऱ्या कागदावर ठेवा, वर काचेचा पेला पालथा घाला आणि रात्रभर सोडा. सकाळी कागदावर बीजाणूंची भुकटी कल्ल्यांच्या रेघांत पडलेली असते. तिचा रंग हा वर्गीकरणातला पहिला मोठा फाटा. स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात अळंब्यांची मांडणी केली तीही या रंगाच्या आधारावर.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात हिरवळीवर वर्तुळात उगवणारी मोठी पांढरी छत्री, मध्यावर तपकिरी खवले, देठावर सरकणारं कडं. कोवळेपणी कल्लेही पांढरे, आणि लोकांना ती खाण्याजोगी वाटते. रात्रभर ठसा घ्या, कागदावर मळकट हिरवा रंग येईल. ही क्लोरोफिलम मोलिब्डायटिस. जगात अनेक ठिकाणी हिरवळीवरच्या विषबाधेला हीच कारण ठरते, उलट्या आणि जुलाब काही तासांत सुरू होतात. हिरवा ठसा देणाऱ्या अळंब्या अगदी थोड्या. म्हणजे एका कागदाने तुम्ही कुळापर्यंत, म्हणजे जवळच्या वंशांच्या गटापर्यंत नव्हे, जवळजवळ प्रजातीपर्यंत पोहोचलात.

गुलाबी ठसा आला तर? मातीवर उगवलेली, कल्ले देठाला चिकटलेले, बीजाणू कोनदार असतील तर एन्टोलोमाकडे जा. लाकडावर आणि कल्ले मुक्त असतील तर प्लुटियस. तळाशी पेला असेल तर व्होल्व्हॅरिएला. वारुळावरच्या टर्मिटोमायसीसचा ठसाही फिकट गुलाबीकडे झुकतो. चॉकलेटी तपकिरी असेल तर अगॅरिकस, म्हणजे बाजारातल्या बटण मशरूमचा वंश. गंजाच्या रंगाचा, काळा, पांढरा, प्रत्येकाची वाट वेगळी. पांढऱ्याची यादी सर्वात लांब, तिथेच सर्वात जास्त गोंधळ होतो.

ठशाचा कागद घडी घालून क्रमांकासह जपून ठेवा. पुढे बीजाणू मोजायचे ते याच भुकटीतले, कारण ते पूर्ण पिकलेले असतात.

वाळवणं

जुलैत पुण्यात काहीही आपोआप वाळत नाही. भाज्या वाळवायचा विजेचा डिहायड्रेटर ४० ते ४५ अंशांवर ठेवा. तो नसेल तर पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून आत जाळी आणि खाली बल्ब बसवा, डबा बोहरी आळीत मिळेल आणि होल्डर तपकीर गल्लीत. मोडल्यावर कट्कन आवाज येईल इतकं कडक वाळायला हवं. फार गरम केलं तर डीएनए खराब होतो, कमी वाळलं तर वेगळीच बुरशी चढते. वाळल्यावर लगेच सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत. ताजेपणीच टोपीचा नखाएवढा स्वच्छ तुकडा कापून वेगळ्या सिलिका जेलमध्ये ठेवला तर डीएनएसाठी तो उपयोगी पडतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

इथून पुढे एकट्याने जमणं कठीण. वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाशी ओळख करून घ्या. १०० पटीचं, तेलाचा थेंब लावून वापरायचं भिंग असलेला सूक्ष्मदर्शक आणि नेत्रभिंगातली मोजपट्टी लागते. ती पट्टी प्रमाण काचेशी, म्हणजे ठरलेली मापं कोरलेल्या काचेशी, ताडून घेतलेली हवी, नाहीतर सगळी मापं वाया जातात.

वाळलेला तुकडा पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये फुगवा आणि काँगो रेडने रंगवा. किमान ३० बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये लिहा आणि लांबीला रुंदीने भागून येणारा आकडाही काढा. मग मेल्झर द्रावणात पाहा. बीजाणू निळे-काळे झाले, तांबूस झाले की तसेच राहिले, हा फरक कित्येकदा वंश ठरवतो. या द्रावणात आयोडिनबरोबर क्लोरल हायड्रेट हे विषारी रसायन असतं. ते घरी बनवू नका, प्रयोगशाळेतच वापरा.

पालापाचोळ्यातल्या मरास्मियस वंशाचं उदाहरण देतो, कारण पुण्याच्या आसपास त्याच्या भेटी होतातच. घोड्याच्या केसासारखा काळा बारीक देठ, छोटी टोपी, विरळ कल्ले, सुकली तरी पाणी मिळालं की पुन्हा उमलणारी. टोपीच्या कातडीत बोटं फुटलेल्या पेशी दिसतात, अगदी केरसुणीसारख्या. कल्ल्यांच्या कडेच्या आणि बाजूच्या मोठ्या पेशी आहेत की नाहीत, त्यांचा आकार काय, यावर प्रजाती ठरते. डाळिंबी टोपीच्या नमुन्यांना जगभर मरास्मियस हेमॅटोसेफॅलस म्हणून टाकायची सवय आहे. त्या नावाचं मूळ वर्णन मात्र ब्राझीलमधल्या नमुन्यावरून झालेलं आहे. ताम्हिणीच्या ओढ्याकाठची डाळिंबी छत्री ब्राझीलची तीच आहे असं नुसत्या रंगावरून कुणी कसं म्हणावं? नवीन प्रजाती सर्वात जास्त दडलेल्या असतात त्या अशा सरधोपट नावांखाली.

जुनी वर्णनं

'पुस्तकात नाही' म्हणजे 'नवी' असं होत नाही. उष्ण कटिबंधातल्या अळंबीची वर्णनं विखुरलेली आहेत. आपल्यासाठी श्रीलंका फार महत्त्वाची, कारण पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच पट्टा मानला जातो. बर्कली आणि ब्रूम या ब्रिटिश बुरशीतज्ज्ञांनी १८७०च्या दशकात तिथल्या शेकडो बुरशींना नावं दिली, पुढे टॉम पेच यांनी भर घातली, आणि डेव्हिड पेग्लर यांनी १९८६ मध्ये तिथल्या कल्लेदार अळंब्यांची सविस्तर मांडणी केली. केरळातही मोठं काम झालंय. आपल्या वंशाची ही सगळी वर्णनं काढून, प्रत्येकाशी आपल्या नमुन्याचा फरक एका कोष्टकात मांडा. मला विचाराल तर हे कोष्टक म्हणजेच खरा शोध. महिनाभर जातो, कंटाळा येतो, आणि दहापैकी आठ वेळा 'नवी' अळंबी दीडशे वर्षं जुनी निघते. तरीही हाती काहीतरी लागलेलं असतं: महाराष्ट्रातून त्या प्रजातीची पहिली नोंद.

डीएनए कधी

बुरशीसाठी आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा २०१२ साली अधिकृत बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखण्याची खूण, म्हणून सुचवला गेला. साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा. तो वाचून घेऊन जेनबँक आणि युनाइट या साठ्यांतल्या अक्षरांशी ताडून पाहतात. ९७ टक्क्यांहून कमी जुळलं की वेगळी प्रजाती, असा एक ढोबळ ठोकताळा आहे, पण तो नियम नाही. काही वंशांत दोन वेगळ्या प्रजाती याहून जास्त जुळतात. शिवाय साठ्यातली कित्येक नावंच चुकीच्या ओळखीवर टाकलेली आहेत. म्हणून मूळ नामप्रारूपाच्या, म्हणजे ज्याला ते नाव कायमचं जोडलेलं असतं त्या नमुन्यावरून वाचलेली अक्षरं कुठली ते शोधा आणि त्यांच्याशी ताडा. वंशवृक्षात तुमचे दोन-तीन वेगवेगळ्या जागचे नमुने एकत्र एका फांदीवर आले, तर म्हणण्याला वजन येतं.

डीएनएने वर्गीकरण किती हलवलं याचं एक उदाहरण पुरे. शाईसारख्या वितळणाऱ्या सगळ्या छत्र्या पूर्वी कोप्रिनस या एकाच वंशात होत्या. २००१ साली त्याची फाळणी झाली. मूळ कोप्रिनस बटण मशरूमच्या कुळात राहिला आणि बाकीच्या बहुतेक कोप्रिनेलस, कोप्रिनॉप्सिस, पॅरासोला अशा वंशांत, दुसऱ्याच कुळात गेल्या.

नाव देण्याचे नियम

एवढं सगळं होऊनही ती वेगळी उरली तर आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता पाळावी लागते. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं, ही इंग्रजीची मुभा २०१२ पासून आहे. २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स या नोंदणी साठ्यांपैकी एकाकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तो लेखात छापावा लागतो, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. एक नमुना नामप्रारूप म्हणून नेमून तो कुठल्या संग्रहालयात आहे ते लिहावं लागतं. हा वाळलेला, निश्चल नमुना असतो, बशीत वाढत असलेलं जिवंत कल्चर त्यासाठी चालत नाही.

या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे आणि बुरशीच्या जिवंत कल्चरचा राष्ट्रीय साठाही तिथेच. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना सरकारने ठरवून दिलेल्या संस्थेकडे द्यावाच लागतो. नमुना परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहा, टपालाने परस्पर पाठवू नका.

नाव ठेवताना वंशाच्या लॅटिन नावाचं लिंग पाहून प्रजातीच्या नावाचा शेवट जुळवावा लागतो. गावाचं, डोंगराचं किंवा एखाद्या ठळक लक्षणाचं नाव ठेवता येतं. स्वतःचं नाव कुणी ठेवत नाही.

नमुना संग्रहालयात देताना पुडीवर चिठ्ठी लावा: क्रमांक, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशावर उगवली, शेजारची झाडं, कुणी गोळा केली. वाळलेल्या नमुन्यात किडे असतात, म्हणून पुडी आधी दोन आठवडे उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून मगच न्या. दोन पुड्या करा, एक संग्रहालयात आणि एक स्वतःकडे. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच तारखेच्या आसपास त्याच जागी जाऊन या. एकाच नमुन्यावर उभी केलेली प्रजाती डळमळीत राहते, आणि दुसरा नमुना मिळाला तर तो बहुधा पहिला मिळाला तिथूनच चार पावलांवर मिळतो.